रणपिसे सरांचा अष्टावक्र

रणपिसे सरांना माणसं आवडत नसत असं लोक म्हणतात, ते अर्धवट आहे. त्यांना वस्तूही आवडत नसत. नोएडातल्या आमच्या सोसायटीचा जिना, जिन्याच्या कोपऱ्यात थुंकलेलं पान, लोकांनी थुंकू नये म्हणून त्या कोपऱ्यात लावलेल्या देवादिकांच्या टाइल्स, त्या टाइल्सच्या बरोब्बर वर पुन्हा थुंकलेलं पान, दुधाच्या बूथसमोरचं कायमचं डबकं, पाण्याच्या टाकीवरची कबुतरं, माझा शर्ट, माझं अक्षर आणि बशीत ओतून चहा पिण्याची माझी पद्धत, या सगळ्यांची त्यांना सारख्याच मनापासून किळस येई. त्यात आपपरभाव नव्हता. मी शेजारी होतो, सहकारी होतो, त्यांच्याच जिन्यातून रोज खाली-वर करत होतो, तरी मला सवलत मिळाली नाही.

किळस आली की त्यांच्या नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एक सुरकुती उमटे आणि मग शब्द येई. शब्दांना पायऱ्या होत्या. 'गबाळं' हा सौम्य शब्द. तो माझ्या वाट्याला रोज येई. त्यावर 'गलिच्छ', त्यावर 'ओंगळ'. ओंगळच्याही वर नुसतं 'शी', आणि ते म्हटल्यावर सर खोलीतून उठून जात. मला वाटे इथे शिडी संपली. तिला आणखी एक पायरी होती, पण ती मला पुढे दिसली.

शामुवेल रणपिसे मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती. सरकारच्या नकाशे काढणाऱ्या एका खात्यात ते ड्राफ्ट्समन होते आणि दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहत. उभं आयुष्य त्यांनी नद्या आणि डोंगर काढले. म्हणजे नदी जिथून वाहते तिथूनच ती कागदावर वाहिली पाहिजे, थोडीही इकडेतिकडे नाही, असं काम. नव्वदीनंतर खात्यात कॉम्प्युटर आले, तसे सर मुदतीआधी निवृत्त झाले आणि यमुना ओलांडून नोएडात आले. आम्हीही तेव्हाच आलो होतो. सगळेच येत होते. शेतात चुन्याच्या रेघा मारून त्याला सेक्टर म्हणायचं, मध्ये एक उघडा नाला सोडायचा आणि नाल्याकाठी 'ग्रीन व्ह्यू' अशी पाटी लावायची, असा तो काळ होता. आमच्या बाल्कनीतून एका बाजूला नवा मॉल दिसे आणि दुसऱ्या बाजूला म्हशी. सर म्हणत, "म्हशी स्वच्छ आहेत."

सरांचं दिल्लीच्या मराठी मंडळींत नाव झालं ते एका गणेशोत्सवात. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनात मुलांची चित्रकला स्पर्धा होती आणि कुणाला तरी वाटलं, आपले रणपिसे नकाशेवाले आहेत, त्यांना परीक्षक करू. विषय अर्थातच गणपती. सर हात मागे बांधून चित्रांसमोरून एकदा गेले, एकदा परत आले आणि माइकवर म्हणाले, "पहिलं बक्षीस नाही. दुसरं नाही."

सभागृहात चुळबुळ झाली. बड्या हुद्द्यावरच्या एका अधिकाऱ्याच्या बाई उठून म्हणाल्या, "अहो, मुलं आहेत ती! इतकी छान छान काढलीयेत."

"बटाटे काढलेत," सर म्हणाले. "काही बटाट्यांना सोंड आहे. तिसरं बक्षीस मात्र द्यायचं आहे. त्या तिथल्या उंदराला. गणपती ओंगळ आहे, पण उंदराला माहीत आहे तो कुठे निघालाय."

उंदीर माझ्या मुलीचा, रेवाचा होता. परतताना ती बक्षिसाचा कंपासबॉक्स मांडीवर घेऊन बसली होती. दिल्लीत वाढलेली पोर; मध्येच तिने विचारलं, "बाबा, ओंगळ मतलब?" मी शब्द शोधत होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, "बाबांचं कपाट."

त्या काळात मी नोएडातल्याच एका कार्टून बनवणाऱ्या स्टुडिओत प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर होतो. पदनाम भारदस्त आहे, म्हणून सांगून टाकतो: कुणाचं काम कुणामुळे अडलंय हे सगळ्यांना ठाऊक असताना दिवसभर तेच विचारत फिरायचं, असं ते काम. केबलवर मुलांचे चॅनेल उघडले होते आणि त्यांना देव हवे होते. किलोने हवे होते. आमचे मालक बत्रा साहेब आधी बाथरूमच्या टाइल्सच्या धंद्यात होते. दोन्हींत मुख्य गोष्ट फिनिश, असं ते म्हणत. स्टुडिओ एका तळघरात होता. तिथे कुबट गाद्यांचा, समोशांचा आणि तापलेल्या कॉम्प्युटरांचा मिळून असा एक वास होता की अजून समोसा पाहिला की माझ्या डोळ्यांसमोर मारुती येतो.

या धंद्यातलं एक कलम समजून घ्यायला हवं. चित्रकार आधी निळ्या पेन्सिलीने कच्चं चित्र काढतो. एका हाताच्या जागी पाच-सहा रेघा, त्यातली एक खरी. ती खरी रेघ निवडून कॉम्प्युटरच्या पाटीवर पेनाने स्वच्छ काढायची, याला क्लीन-अप म्हणतात. रेघ कुठे उघडी राहिली तर चालत नाही, कारण रंग भरताना तो त्या फटीतून बाहेर सांडतो. आमच्या एका राक्षसाची मिशी अशी उघडी राहिली. चॅनेलच्या लोकांसमोर बत्रांनी ऐटीत रंग भरायला सांगितला आणि मिशीतून निळा रंग गळून सबंध दरबार, सिंहासनासकट, निळा झाला. त्या दिवशी बत्रांनी मला जे सुनावलं ते सगळं ऐकून घेतल्यावर माझ्या तोंडून एवढंच निघालं, "सर, आमच्या वरच्या मजल्यावर एक आहेत. रेघेच्या बाबतीत... थोडे कडक आहेत."

सर आले. पाटी हातात घेतली. तिच्यावर आधीच्या पोरांच्या घामाचा थर होता. सुरकुती उमटली. खिशातून रुमाल, दुसऱ्या खिशातून स्पिरिटची बाटली, मग शांतपणे पाटी पुसणं. बत्रा घड्याळ बघत होते.

"नक़्शे बनाए हैं आपने. भगवान बना लेंगे?"

"जिन्होंने अब तक बनाए हैं उनको देखकर लगता है, बना लूँगा."

आणि त्यांनी कच्च्या चित्रावरून खांद्यापासून टाचेपर्यंत एका दमात एक रेघ आणली. कोपराशी किंचित थांबली, पोटरीवर सैल झाली, घोट्याला घट्ट झाली. तोवर समोसे खात असलेली पोरं खायची थांबली. सर म्हणाले, "पेन ओंगळ आहे," आणि नोकरीला लागले.

कॉम्प्युटरमुळे नोकरी सोडलेला हा माणूस महिन्याभरात कॉम्प्युटरच्या प्रेमात पडला. कारण उघड होतं. घाण मोठी करून बघण्याची सोय त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती. एखाद्या अप्सरेचा कान ते पडद्याएवढा मोठा करत आणि त्या कानाच्या पाळीतली, सूर्यालाही दिसली नसती अशी एक ठेच शोधून काढत. "ये क्या है?" पोरगा म्हणे, "सर, टीवी पे नहीं दिखेगा." सर म्हणत, "बनियान भी नहीं दिखती. इसलिए धोते नहीं हो?"

त्यांचं शिकवणं असंच असे. रेघ ज्या ठिपक्यांना बांधलेली असते ते पॉइंट कमी, म्हणजे ठेचा कमी. हाड येतं तिथे रेघ थांबते, मांस येतं तिथे चालते. अंगाची बाहेरची रेघ जाड, आतली बारीक, आणि डोळ्याची सगळ्यात शेवटी, हात धुऊन. हात धुऊन हे ते अक्षरशः म्हणत. पोरांना बेसिनपर्यंत सोडायला जात.

बाकी स्टुडिओत त्यांच्या किळशीला उपास घडत नव्हता. बत्रांनी एकदा व्यायामशाळेचं पोस्टर आणलं आणि सगळ्या ऋषींना पोटावर सहा-सहा पेट्या काढायच्या असा हुकूम केला. सर एका ऋषीसमोर बराच वेळ बसले.

"हे झाडाचा पाला खाऊन तप करतायत," ते म्हणाले. "पाल्याने हे होतं?"

"सर, बच्चों को बॉडी चाहिए," शेजारचा पोरगा अंदाजाने म्हणाला.

"बॉडी चाहिए तो बाहर गार्ड खड़ा है. उसको दाढ़ी लगा दो."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "सर क्रिश्चियन हैं, इनको क्या पता ऋषि कैसे होते हैं." सर वळले. रागावले नाहीत, राग त्यांना क्वचित येई, तेवढी जागाच उरत नसे. म्हणाले, "लहानपणी आमच्या दारासमोर कीर्तन होत असे. मी चर्चच्या भिंतीवर बसून ऐकायचो. ऋषींच्या पोटावर पेट्या असतात असं एकाही बुवांनी सांगितलं नाही." हे सगळं मराठीत. समोरच्याला कळलं नाही, पण तो मान खाली घालून कामाला लागला.

या माणसाच्या घरी एस्तेर वहिनी होत्या. त्यांना कशाचीच किळस येत नसे. त्या नर्स होत्या. सर उष्ट्या चमच्यावरून बोलायला लागले की त्या म्हणत, "मी हॉस्पिटलात काय काय धुतलंय ते सांगू का? मग ह्यांचं जेवणच बंद." आणि मोठ्याने हसत. वहिनींना लहानपणी पोलिओ झालेला. डावा पाय आखूड, कमरेला बाक, पाठीला दुसरा, आणि तोल सांभाळता सांभाळता मानेनेही आपलं एक वळण घेतलेलं. डाव्या बुटाचा तळ जाड करून घ्यावा लागे. तो सर स्वतः करोल बागेतल्या एका कारागिराकडून करून आणत आणि त्याच्याशी शिलाईवरून दर खेपेला भांडत. त्यांच्या बैठकीच्या खोलीत पुष्कळ फोटो होते, आणि सगळ्या फोटोंत वहिनी बसलेल्या होत्या. लग्नातही बसलेल्या, सर शेजारी उभे. हे माझ्या कधी लक्षातही आलं नसतं. वहिनींनीच एकदा चहा देताना सांगितलं.

तर अष्टावक्राची गोष्ट. चॅनेलला बालऋषींची मालिका हवी होती. त्यात अष्टावक्र होता, आठ ठिकाणी वाकलेला मुलगा. तो राजा जनकाच्या दरबारात वादाला येतो, त्याचं अंग पाहून सगळे पंडित हसतात, आणि मग हा पोरगा त्यांना हसून सांगतो की मी विद्वानांच्या सभेत आलो असं समजत होतो, इथे तर सगळे कातडीच पाहणारे निघाले. लहानपणी ही गोष्ट ऐकून आपण शहारलेले असतो. आमच्या चित्रकाराने त्या मुलाला दारू प्यायल्यासारखं झुलवत दरबारात आणलं.

सर म्हणाले, "शी," आणि उठून गेले.

पुढच्या रविवारी मला वर बोलावणं आलं. वहिनी पॅसेजमध्ये उभ्या होत्या, सर जमिनीवर कागद पसरून बसले होते, आणि पावलांची वेळ मोजायला माझ्या हातात घड्याळ दिलं गेलं.

"चाल," सर म्हणाले.

वहिनी दारापासून स्वयंपाकघरापर्यंत चालल्या.

"परत."

"अहो, मी काय सर्कशीतली आहे?"

"परत. खांदा बघायचा राहिला."

"ऐका! लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांचा आता खांदा बघायचा राहिलाय!"

सर हसले नाहीत. ते मला म्हणाले, "सोमण, नीट बघा. एक पाऊल टाकते आणि दुसऱ्याला थांबते. त्या थांबण्यात सगळं वजन उजवीकडे येतं, आणि मग डावा पाय घरी परत आल्यासारखा येतो. लंगडणं वेगळं. हे लंगडणं नाही. हा तिचा ठेका आहे." त्या दिवशी दुपारभर वहिनी चालल्या आणि सरांनी काढलं. अधूनमधून त्या कागदात डोकावत आणि म्हणत, "बघू, कशी दिसते?" सर कागद उलटा करत. "अजून नाही. कच्चं आहे."

मी निघालो तेव्हा वहिनी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "एक गंमत सांगू? माझी चाल सगळ्या जगाला माहीत आहे. मलाच कधी दिसलेली नाही. दुकानाच्या काचेत बघायला जावं तर मी थांबते. आता टीव्हीवर बघेन." आणि लहान मुलीसारखं विचारलं, "रविवारी लावतील ना हो? रविवारीच लावा म्हणावं."

सरांचा अष्टावक्र तयार झाला. आठही वाक त्या एका रेघेत होते आणि रेघ कुठे अडखळत नव्हती. मानेशी वळून खांद्यावर येई, कमरेत बुडून पुन्हा वर येई, आणि शेवटी आखूड पायाच्या टाचेपाशी अशी टेकत असे की वाटावं, हा मुलगा असाच असायला हवा, सरळ माणसांत काहीतरी राहून गेलंय. चित्रकाराला शेजारी बसवून सरांनी टायमिंग ठरवून घेतलं: कुठलं चित्र पडद्यावर किती वेळ थांबणार. दुसऱ्या पावलाला चित्र थांबे. मग पुढे जाई. सगळं झाल्यावर सरांनी पडदा लांबून पाहिला, जवळून पाहिला, मोठा करून पाहिला. सुरकुती उमटली नाही. ते हात धुवायला गेले.

बत्रा आले. त्यांनी पाहिलं आणि खूश झाले.

"रणपिसे जी, कमाल! बस थोड़ा क्लीन कर दो."

"क्लीन है."

"नहीं, मतलब... थोड़ा सीधा."

सरांनी चष्मा काढला. "इसका नाम अष्टावक्र है."

"नाम रहने दो, नाम तो बढ़िया है. देखिए, ये टिफिन पे आएगा, बस्ते पे आएगा. कौन सी माँ अपने बच्चे के टिफिन पे टेढ़ा बच्चा लेगी? देख के कैसा तो लगता है." आणि बत्रांनी खरोखरच, अगदी सहज, तोंड वाकडं केलं.

मी वर्षानुवर्षं सरांची किळस पाहत आलो होतो. पानाच्या पिचकाऱ्यांची, कबुतरांची, माझ्या अक्षराची. पण माणसाच्या चेहऱ्यावर दुसऱ्या माणसाबद्दलची किळस त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिली, आणि ती बत्रांच्या चेहऱ्यावर होती. ती त्यांच्या नाकाशी उमटली आणि लगेच पुसलीही गेली, इतकी ती सवयीची होती. मी हातातला समोसा ताटलीत ठेवला.

सर शांतपणे म्हणाले, "तो फिर दरबार हँसेगा किस बात पे?"

"वो राइटर देख लेगा."

राइटरने पाहिलं. अष्टावक्र केळ्याच्या सालीवरून घसरतो आणि दरबार हसतो, असं त्याने लिहिलं. हे मी थट्टेने सांगत नाही. ते पान मी माझ्या हाताने टेबलाटेबलावर फिरवलं.

सरांनी मुलाला सरळ करायला नकार दिला. तेव्हा ते काम आतल्या खोलीतल्या पोरांना दिलं गेलं. पोरं तरबेज. एकेका चित्रातले पॉइंट धरून ओढले, पाठ ताठ केली, पाय सारखे केले, मान सरळ केली, आणि मग कॉम्प्युटरमधली रेघा नितळ करणारी कळ दाबली. गालावर खळी आली. आठ वाकांच्या बदल्यात फक्त एक ठेवला होता, कपाळावर आलेली एक बट. सर मागे उभे राहून ते बघत होते. मी वाट बघत होतो की आता 'शी' येणार. ते पडद्याकडे बघत फार हळू म्हणाले, "गुळगुळीत."

त्यांच्या शिडीची शेवटची पायरी ही होती. लोक हा शब्द संगमरवराला वापरतात, बाळाच्या पाठीला वापरतात. सरांच्या तोंडून तो ऐकल्यापासून मला चकचकीत टाइलवर पाय ठेवायला नको वाटतं.

त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या. नावांच्या यादीतून माझं नाव काढा, आणि मला मुकुटांचं काम द्या. बत्रांनी आनंदाने दिलं. त्यानंतर सर फक्त मुकुट काढत बसले, कोणाच्याही डोक्याविना, ओळीने.

मला त्यांच्या नोकरीची काळजी वाटली नाही. काळजी होती वरच्या मजल्याची. रोज संध्याकाळी वहिनी विचारत, "माझा पोरगा कुठवर आला?" आणि सर म्हणत, "येतोय." ज्या माणसाने आमच्या घरी जेवायला बसल्यावर माझ्या बायकोला सांगितलं होतं की श्रीखंड भिंतीत भरायच्या लांबीसारखं दिसतंय, त्या माणसाला हे एक वाक्य बोलता येत नव्हतं. मला म्हणाले, "सोमण, मी तिला सांगणार काय? की तुला साफ केलं?"

आणि रविवारच आला. वहिनींनी सबंध जिन्याला बोलावलं. केक केला, चकल्या केल्या, मोतिया रंगाची नवी साडी नेसल्या. आम्ही वर गेलो तेव्हा सर जिन्यातल्या मीटरच्या खोक्यासमोर उभे होते.

"आज लाइट जाईल ना?" त्यांनी मला दबक्या आवाजात विचारलं.

नोएडाच्या विजेला हा माणूस रोज शिव्या देत असे. जेवताना जाई, आंघोळीला जाई, परीक्षेच्या दिवसांत तर येतच नसे. "जाईल की," मी म्हणालो. "रविवारी नेहमी जाते."

नाही गेली. पंखा गरगरत राहिला, ट्यूब लखलखत राहिली. कार्यक्रम सुरू झाला. मिथिला आली, दरबार आला, सरांचे मुकुट आले. ते तेवढे सुंदर होते. सर मागे दाराशी उभे होते, पळून जाता येईल अशा जागी. मग दरबाराचं दार उघडलं आणि एक गोरागोमटा, ताठ पाठीचा, खळीवाला मुलगा आत आला.

वहिनींनी मान पुढे काढून पाहिलं. मग विचारलं, "हा कोण?"

सर म्हणाले, "तोच."

वहिनींच्या मांडीवर चकल्यांची ताटली होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली. पडद्यावरचा मुलगा दरबारातून चालत होता. बायको माझ्याकडे बघत होती, मी गालिच्याकडे. माझ्या मनात आलं, निदान आता तरी लाइट जावी.

"अहो," वहिनी एकदम म्हणाल्या. "अहो, हा थांबतोय!"

मी वर पाहिलं. मुलगा एक पाऊल टाके आणि दुसऱ्याला थांबे. पाय धडधाकट, पाठ देवदारासारखी, आणि तरी दुसऱ्या पावलाला तो थांबत होता, सगळं वजन उजवीकडे घेत होता, आणि मग डावा पाय घरी परत आल्यासारखा येत होता. आतल्या खोलीतल्या पोरांनी एकूणएक रेघ सरळ केली होती. टायमिंगला कुणी हातच लावला नव्हता. ते चित्रात दिसत नाही.

"ही मी आहे," वहिनी म्हणाल्या. "बघा, बघा, आता थांबेल. थांबला! मी अशी चालते? सुलभा, मी अशी चालते ना गं?" माझ्या बायकोने जोरात मान डोलावली. वहिनी हसायला लागल्या. आधी बारीक, मग हॉस्पिटलच्या गोष्टी सांगताना हसत तशा. चकल्या गालिच्यावर सांडल्या. "किती ऐटीत चालते मी! मला कुणी सांगितलंच नाही!"

सर दारातून दोन पावलं आत आले. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि सुरकुती उमटली.

"ओंगळ," ते म्हणाले. "पाय सरळ आणि ठेका वाकड्या पायाचा. टायमिंग बदललंच नाही गाढवांनी. ही धडधडीत चूक आहे." आणि मग वहिनींच्या शेजारी, सांडलेल्या चकल्यांच्या मध्ये, गालिच्यावर मांडी घालून बसले. गालिच्यावर ते कधी बसत नसत. तो कधी धुतलेला नव्हता.

केळ्याची साल आली तेव्हा कुणी हसलं नाही.

पुढे दोन-तीन महिन्यांत माझी पुण्याला सोय झाली आणि आम्ही नोएडा सोडलं. ट्रक सकाळीच लागला होता. सामान चढवून झाल्यावर मी खाली अंगणात शेवटचा उभा होतो. सोसायटीतली पोरं खेळत होती. त्या मालिकेतला तो मुलगा त्यांना फार आवडला होता. दर आठवड्याला पुन्हा दाखवत. सगळी पोरं रांगेने, छाती काढून, एक पाऊल टाकून दुसऱ्याला थांबत अंगणभर चालत होती, आणि डबक्यापासून सुरक्षित अंतरावर, हातात स्पिरिटने पुसलेली दुधाची बरणी घेऊन, रणपिसे सर उभे होते.

"शी!" ते एका मुलीला म्हणाले. "ऐसे नहीं. तुम गिर रही हो. गिरना नहीं है. रुकना है. दूसरे क़दम पे. फिर से."

तेवढ्यात जिन्यातून वहिनी आल्या. आम्हाला निरोप द्यायला म्हणून जरा लगबगीने, पोरांच्या रांगेच्या मधूनच आल्या. ती मुलगी जागीच उभी राहिली. तिने वहिनींना आपल्या समोरून पार पलीकडे जाताना पाहिलं आणि ओरडली, "अंकल, देखो! आंटी को तो एकदम परफ़ेक्ट आता है!"

वहिनी माझ्यापाशी पोचेपर्यंत हसून लाल झाल्या होत्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी ट्रकमध्ये चढताना वळून पाहिलं, तर सर त्या मुलीला, नाक मुरडून, सांगत होते, "आएगा ही. उनकी बचपन की प्रैक्टिस है. तुमको टाइम लगेगा."